कामाची सोयरीक

आप्पांच्या मोपेडला आरसा एकच होता, आणि तोही मागं बसणाऱ्याच्या तोंडावर वळवलेला. मागून ट्रक येवो, एसटी येवो नाहीतर मेंढरांचा कळप येवो, आप्पांना त्याचं काही सोयरसुतक नसे. आपल्या मागं बसलेल्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय, एवढंच त्यांना बघायचं असे. वडूजच्या चौकात एका पोलिसानं त्यांना यावरून अडवलं होतं. आप्पांनी त्याला आरशात नीट न्याहाळून घेतलं, गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, आणि पुढच्या वैशाखात त्याचं लग्न लावून टाकलं.

सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा म्हणा, नाद म्हणा. कोरेगावपासून म्हसवडपर्यंत त्यांनी जमवलेली जोडपी पसरलेली होती. माझ्या आईबाबांचं लग्नही त्यांनीच जमवलेलं. बाबा फौजेत होते आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, तोवर आई आप्पांचं नाव फार आदरानं घ्यायची. बाबा रिटायर होऊन कायमचे घरी आल्यापासून तो आदर जरा कमी झालाय.

कुणाच्याही घरी आप्पा पुढच्या दारानं शिरत नसत. पुढचं दार पाहुण्यांसाठी झाडलेलं असतं, त्यात काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. ते मागून जायचे, मोरी बघायचे, ओट्यापाशी कोण राबतंय आणि कोण नुसतं उभं आहे ते बघायचे, आणि मग स्वयंपाकघरातून थेट बैठकीत प्रगट व्हायचे. नवखी माणसं दचकायची. त्यांचा दुसरा नियम खाण्याचा होता. बघायच्या कार्यक्रमात पुढ्यात येईल ते सगळं संपवायचं आणि झकास म्हणायचं. मग पोह्यात मीठ नसो की चहा धुरकट लागो. आमच्या आईचे एकदा करपलेले पोहे त्यांनी मागून घेऊन खाल्ले होते. "मध्यस्थाला पोट आसावं, जीभ नसावी," ते म्हणायचे. आणि हे सांगणारा माणूस दिवसभर तोंड मिटत नसे.

मग दिवस फिरले. पूर्वी मुलीचा बाप विचारायचा, रान किती, विहिरीला पाणी किती. आता पहिला प्रश्न एकच, नोकरी काय. इकडे गावोगाव पदव्या घेतलेली, भरतीसाठी पळून पळून गुडघे दुखवून घेतलेली, अभ्यासिकेत बसून कानाजवळ केस पिकलेली मुलं. सगळी चांगली, धडधाकट, सुपारीचंही व्यसन नसलेली. स्थळ म्हणून नेली की चहा यायच्या आत परत. त्यात सोयरिकींचे मोबाईलवर ग्रुप निघाले, फोटोसकट बायोडाटे घरबसल्या यायला लागले. दुसरा कुणी असता तर देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसला असता. आप्पांनी हिशेबच उलटा मांडला. पोरगं आधी कामाशी उजवायचं आणि मग माणसाशी.

आणि उजवायचं म्हणजे अक्षरशः उजवायचं. मुलाला घेऊन, बरोबर त्याचा मामा आणि दोन जाणती माणसं घेऊन, ते कामाच्या ठिकाणी बघायला जायचे. मालकानं चहापोहे करायचे. मग दोन्हीकडून प्रश्न. कामात खोट काय आहे ते मालकानं आधीच सांगायचं, पोरात काय आहे ते मामानं सांगायचं. पसंत पडलं तर तिथंच सुपारी फोडायची. सुरुवातीला मालक लोक हसले. पण मामासमोर सुपारी फोडून आलेला मुलगा न सांगता पळून जात नाही, हे कळल्यावर हसायचे थांबले.

मुलाला काय आवडतं हे आप्पा कधीच विचारत नसत. आवड माणूस दुसऱ्याचं ऐकून सांगतं, राग मात्र ज्याचा त्याचा असतो, असं त्यांचं मत. ते विचारायचे, तुला राग कशाचा येतो? औंधचा एक इंजिनियर झालेला मुलगा यमाईच्या यात्रेत लोक गाड्या कशाही लावतात म्हणून रस्त्यात उभा राहून भांडत होता. आप्पांनी त्याला तिथूनच उचलला आणि साखर कारखान्याच्या तळावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लावायच्या कामाशी त्याची सुपारी फोडली. तो आज तिथला राजा आहे. सगळंच जमायचं असंही नाही. एकाला गार चहाचा राग येतो म्हणून त्याला चहाच्या गाड्याशी जोडून दिला, तर त्यानं गरम चहा सगळा स्वतःच पिऊन टाकला. आठवड्यात काडीमोड झाला. आप्पा मुलीच्या बापासारखे खाली मान घालून त्याला माघारी घेऊन आले.

मी त्यांच्या तावडीत सापडले ते माझी पुण्याची नोकरी गेल्यावर. सॉफ्टवेअर तपासायचं काम होतं माझं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. एका सकाळी ऑनलाइन मीटिंगला बोलावून, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून, एका गोड आवाजाच्या बाईंनी मला आणि माझ्यासारख्या पुष्कळांना सांगितलं की आता हे काम मशीनच करणार आहे. मी गाशा गुंडाळून वडूजला आले. आईनं गल्लीत सांगितलं, पोरगीचं वर्क फ्रॉम होम आहे. त्यामुळे कुणी आलं की मला कानाला हेडफोन लावून बंद लॅपटॉपसमोर बसावं लागे. शेजारच्या काकू तर उंबऱ्यापासूनच कुजबुजत बोलायच्या, माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून.

रोज अर्ज पाठवत होते. उत्तरं येत नव्हती, आणि आलीच तर ती माणसानं लिहिलेली नसत. मला घाबरायला झालं होतं. नोकरी मिळणार नाही ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की एक दिवस थकून मी कशालाही हो म्हणेन. ते 'कशालाही' लवकरच चालत आलं. आईच्या निरोपावरून आप्पा दहिवडीकडचं एक स्थळ घेऊन मागच्या दारानं आमच्या बैठकीत आले. मुलगा सरकारी नोकरीत, एकुलता एक, घरी बोअरला पाणी. आईचे डोळे भरूनच आले.

मी त्या मुलाचा बायोडाटा हातात घेतला आणि काय सांगू, हात शिवशिवायला लागले. जन्मसालाप्रमाणे हा मुलगा शाळेत जायच्या आधीच दहावी पास झाला होता. उंची वर एक होती आणि खाली दुसरी. मामाचं गाव दोन ठिकाणी दोन होतं. मी एकेक करून सगळं दाखवलं. आई डोळ्यांनी मला गप्प बसवत होती. बाबा छताकडं बघत होते, ते घरात कुठल्याच भानगडीत पडत नाहीत. आप्पा मात्र मान वाकडी करून माझ्याकडं असे बघत होते की जणू बाजारात हवी तशी म्हैस दिसलीय. त्यांनी बायोडाटा माझ्या हातातून काढून घडी करून खिशात घातला आणि आईला म्हणाले, पोरगीला उद्या यमाईला घेऊन जातो, ओटी भरायचीय. आई लगेच तयार झाली. देवीनं तरी माझं तोंड बंद करावं, असं तिला वाटलं असणार.

औंधच्या वाटेवर मी मागं आणि माझं तोंड आरशात. एका पुलाच्या कामावरची पाटी उलटी लावलेली होती, त्यावर मी बोलले. पुढं चाललेल्या टेम्पोतला कडबा एका अंगाला कलला होता, त्यावर बोलले. देवळाखालच्या दुकानात पेढ्याचा पुडा घेतला तर वर ताजे पेढे आणि खाली शिळे. तो पुडा मी दुकानदाराच्या फळीवर उघडून एकेक पेढा मांडून दाखवला आणि बदलून घेतला. परतताना आप्पा कितीतरी वेळ गप्प होते, ही त्यांच्या बाबतीत आजाराची खूण. मग त्यांनी विचारलं, "तुला राग कशाचा येतो गं?"

मी म्हटलं, वर एक आणि खाली दुसरं असलं की येतो. करणाऱ्याला ठाऊक असतं, तरी तो तसंच पुढं ढकलतो, त्याचा येतो.

"आन् बघूनबी गप बसावं लागलं तर?"

"मग झोप लागत न्हाई, आप्पा."

ते आरशात हसले. दहिवडीच्या मुलाचं लग्न त्यांनी त्याच महिन्यात दुसरीकडं जमवून टाकलं आणि आईचा आदर पार संपला.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा उगवले, मागच्या दारानं, आणि म्हणाले, रविवारी बघायला जायचंय, पोरगीच्या मामाला बोलावून घ्या. तासगावच्या अलीकडं बेदाण्याचं एक शेड आहे. द्राक्षं वाळवून बेदाणा करायचा, निवडायचा, खोक्यात भरून लांब लांब पाठवायचा. माल चांगला, पण त्यात काड्या निघतात म्हणून खोकी माघारी येऊ लागली होती. मालकाला माल तपासणारं कुणीतरी हवं होतं. आई म्हणाली, अहो, पोरगीला मागणी घालायला माणसं येतात, पोरगी बेदाण्याला मागणी घालायला जाते हे कुठं बघितलंय? लोक काय म्हणतील?

आप्पा म्हणाले, "वहिनी, लोकास्नी तुमी वर्क फ्रॉम होम सांगितलंय. आता वर्क घरातनं भायेर पडतंय, येवढंच सांगा."

बाबा पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, जाऊन या, मी घरची शेरडं बघतो.

मामाच्या गाडीतून मायणी, विटा करत आम्ही गेलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती, मामानं फेटा बांधला होता. तो मामाचा आगाऊपणा होता, आप्पांनी नुसती टोपी सांगितली होती. शेडच्या फाटकाशी उतरल्यावर आप्पा रिवाजाप्रमाणे मागं निघून गेले. मालक म्हणजे साठीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याला हा सगळा प्रकार लाजिरवाणाही वाटत होता आणि आवडतही होता. त्यानं ऑफिसात सतरंजी अंथरून घेतली होती. मालकीणबाई आतून डोकावत होत्या. थोड्या वेळानं आप्पा त्यांच्याच मागून, पदरानं हात पुसणाऱ्या बायांच्या गर्दीतून, तोंड पुसत बाहेर आले.

मामानं सुरुवात केली. आधी या जागेवर कोण होतं, का सोडून गेलं, कुणाशी भांडण झालं का. मालक चाचरत सांगत होता. मग मामानं फेटा सावरून विचारलं, खोट काय हाय ते आधी सांगा. मालक म्हणाला, हंगामात रविवार नसतो, आणि माझा आवाज मोठा आहे, मी रागावलो की शेडचे पत्रे वाजतात. मामानं माझ्या बाजूनं सांगितलं, पोरगी सकाळी लवकर उठत नाही आणि कुणाला बरं म्हणत नाही. आईनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तेवढ्यात शिरा आला. घरचा तुपातला, वर त्यांचाच टपोरा हिरवा बेदाणा पेरलेला. दुसऱ्या घासाला माझ्या दाताखाली काडी आली. बघायच्या कार्यक्रमात काडी आली तर गिळायची असते, हे आपल्याकडं लहान पोरीलाही ठाऊक आहे. आईनं तर मला मांडीला चिमटा काढून ठेवलाच होता. मी काडी तोंडातून काढली आणि बशीच्या काठावर ठेवली.

मालकाचा चेहरा लाल झाला. म्हणाला, "आवो, ह्यो आमचा येक नंबरचा माल हाय."

मी म्हटलं, "मग दोन नंबरचा कुणाला खायला घालता?"

पत्रे वाजतील असं सगळ्यांना वाटलं. मामाचा फेटासुद्धा गप्प झाला. मग मलाच राहवेना. मी मालकीणबाईंना म्हटलं, अजून थोडा वाढा. त्यांनी सगळ्यांसमोर पातेल्यातून वाढला. मी चमच्यानं एकेक बेदाणा बाजूला सारत गेले आणि एकाच्या बुडाशी चिकटलेली बारीक काडी शोधून पहिलीच्या शेजारी ठेवली. सगळ्यात आधी मालकीणबाईच हसल्या. म्हणाल्या, "मी लगीन हून आल्यापास्नं सांगतीया ह्यास्नी." आप्पांची बशी तोवर चाटून पुसून स्वच्छ झाली होती. शिरा झकास, असं म्हणून त्यांनी खिशातून सुपारी काढली.

रुजू व्हायच्या दिवशी आई मला सोडायला आली आणि फाटकात अगदी पाठवणीसारखी रडली. आप्पाही आले होते, पण ते रुसले. चहा घेईनात, बोलेनात, मोपेडवर पाठ करून बसले. मामा म्हणाला, लग्नात कुणीतरी रुसावंच लागतं, म्हणून म्हातारा नाटक करतोय. आम्ही सगळे हसलो. पुढं आईनंच फोनवर खरं सांगितलं. सोयरीक जमली की मध्यस्थाला टॉवेल-टोपीचा मान देतात. लग्नांत आप्पांना तो नेहमी मिळाला. पण एवढ्या पोरांची कामं जमवली, त्यांतल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं. आम्हालाही नाही. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. मी तासगावच्या बाजारातून टॉवेल-टोपी आणली आणि पुढच्या भेटीत द्यायची म्हणून खणात ठेवली.

काम मला मानवलं. बेदाणा डोळ्याला दिसतो, हाताला लागतो, आणि चूक काढली की समोरचा माणूस चिडतो, कॅमेरा बंद करून बसत नाही. मालक ओरडायचा, मी त्याच्याहून हळू आवाजात तेच पुन्हा सांगायची. निवडणीच्या बायका आधी मला नाकं मुरडायच्या, मग काडी सापडली की मलाच आणून दाखवायला लागल्या. खोकी माघारी यायची कमी झाली. रात्री मला झोप लागायला लागली.

आप्पा मात्र बरेच महिने आले नाहीत. आले ते एका दुपारी, एकटेच, आणि पुढच्या फाटकातून. हातातलं खोकं तसंच ठेवून मी बाहेर आले. मोपेड लावली तेव्हा बघितलं, आरसा त्यांनी स्वतःच्याच तोंडाकडं वळवून घेतला होता. शेडच्या सावलीत उभं राहून त्यांनी मला सांगितलं की लग्नाचं आता कुणी विचारत नाही. कामाची जमवाजमव करतो, तर घरचे म्हणतात, म्हातारा लोकांची पोरं घेऊन सहली काढतोय, हे काय काम आहे का? मग ते खाली बघत म्हणाले, "माज्यासाठीबी हितं कायतरी बघ. राखण करीन. माल तपासाय सांगितलं तर त्येबी करीन."

आजवर इतक्यांना बघायला नेणाऱ्या या माणसाला बघायला कुणी कधी बसलं नव्हतं. मी ठरवलं, नियमानं करायचं. सतरंजी अंथरली. मालक बसला, मालकीणबाई बसल्या. शिरा केला, आणि आप्पांच्या बशीत मी माझ्या हातानं एक चांगली लांब काडी खुपसली. तपासणीच्या कामाचा उमेदवार आहे, तर पारख व्हायला नको का? बशी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "आप्पा, तुमाला राग कशाचा येतो?"

त्यांचा चमचा थांबला. असलं कुणी त्यांना विचारलंच नसावं. ते खिडकीतून मोपेडकडं बघत राहिले.

"रिकाम्या बसलेल्या माणसाचा," ते म्हणाले. "धडधाकट माणूस कट्ट्यावर बसल्याला बघितला की माजं डोकं फिरतं. मग त्यो कुणाचाबी आसू दे. आन् आताशा आरशात बघतोय, त्येचाबी येतोय."

आप्पांनी शिरा संपवला, बशी चाटून स्वच्छ केली. मी विचारलं, कसा झालाय. ते म्हणाले, झकास. दाताला काही लागलं का? काहीच नाही, म्हणाले. मी मालकाला सांगितलं, हा उमेदवार नापास. याला माल तपासायला ठेवलं तर शेड बुडेल. मालक इतका मोठ्यानं हसला की खरंच पत्रे वाजले. मग मी खणातून टॉवेल-टोपी काढली. मालकीणबाईंनी त्यांना कुंकू लावलं. मी म्हटलं, आप्पा, ही माझ्या सोयरिकीची, उशीर झाला. आणि आईचा फोन होता, आमच्या गल्लीतली दोन घरं तुमची वाट बघतायत. एक मुलगी आहे, तिला म्हणे नळाचं पाणी वाया गेलेलं बघवत नाही.

"न्हाई बघवत?" आप्पांनी मान वाकडी केली. टोपी थोडी मोठी झाली होती, कानांवर येत होती, तरी त्यांनी ती काढली नाही. "तिच्या मामाचं गाव कुठलं?"

मी त्यांना मोपेडपर्यंत सोडायला गेले. माझ्याच्यानं राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "आप्पा, शिऱ्यात काडी व्हती. मीच घातलेली."

"ठावं हाय की. गिळली." त्यांनी आरसा पुन्हा मागच्या बाजूला वळवला. "तुज्या बघायच्या दिशीबी व्हती. मी मागल्या दारानं आलो तवा तुज्यासाठी वाढून ठेवल्याल्या बशीत टाकून आल्तो."

गेले कितीतरी महिने मी ती काडी मनात मेडलसारखी मिरवत होते. आईला, मैत्रिणींना, निवडणीच्या बायकांना रंगवून सांगत होते. आणि ती या म्हाताऱ्यानं पेरलेली होती.

"दोन्ही?" मी कसंबसं विचारलं.

आप्पांनी मोपेड चालू केली. "येकच. दुसरी त्येंच्याच मालातली व्हती. ती तुजी तू काढलीस."

ते निघाले. फाटकातून वळेपर्यंत मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते. समोरून येणारा ट्रॅक्टर जोरजोरात हॉर्न वाजवत होता, आणि हा माणूस माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय ते बघत होता.